12 चा बॉक्स 10 चा झाला म्हणून गोडाऊन बघून आलो, त्याचा रिव्ह्यू

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमचं किराणा दुकान आहे, आजोबांपासनं. गेली दोन वर्षं निम्म्याच्या वर माल आम्ही एका मोठ्या कंपनीच्या ॲपवरनं मागवतो, त्यांचं नदीपलीकडं हायवेला मोठं गोडाऊन आहे तिथनं टेम्पो येतो. नाव घेत नाही, ज्या दुकानदारांना कळायचं त्यांना कळेल. पाचपैकी साडेतीन स्टार. चार देणार होतो, अर्धा का कापला ते साबणामुळं.

तर कपड्याच्या साबणाचा एक बॉक्स येतो, आत 4 वड्यांची 12 पाकिटं. आठवड्याला आमचे 5 बॉक्स जातात, बिलावर 60 नग. जूनच्या शेवटापासनं तीन आठवडे माझा हिशोब काय बसेना, दर आठवड्याला बरोबर 10 पाकिटं कमी. आता किराण्यात दोन-चार इकडं तिकडं होतातच, उंदीर आहे, गिऱ्हाईक आहे, आपण स्वतः घरी नेऊन लिहायला विसरतो ते आहे, पण दर खेपेला बरोबर 10 म्हटल्यावर डोक्यात शंका यायला लागली आणि शंका यायची तर ती कुणावर येणार, दुकानात काम करणाऱ्या पोरावर. वडणग्याचा आहे, पाच वर्षं झाली, कधी रुपयाचा घोळ नाही. मी तोंडानं काही बोललो नाही पण दोनदा त्याच्या देखत फळी मोजली, त्याला काय कळायचं ते कळलं. तिसऱ्या आठवड्यात टेम्पो आला तसा त्यानंच एक सीलबंद बॉक्स उचलून माझ्या पुढ्यात ठेवला, टेप फाडली आणि म्हणाला, "मालक, तुम्हीच मोजा." 10 निघाली. दुसरा फोडला, 10. पाचीच्या पाच बॉक्समध्ये 10.

मला कसं झालं असेल ते सांगत नाही. त्याला चहा सांगितला आणि ॲपवर तक्रार टाकली. दोन तासात उत्तर, आपला माल सीलबंद स्थितीत पोचला असून शॉर्टेज मान्य करता येणार नाही. फोटो टाकले, तेच उत्तर. कस्टमर केअरला फोन लावला तर ती बाई हिंदीत गोड बोलून तेच वाचून दाखवायला लागली. शेवटी त्यांचा जो सेल्समन पोरगा गल्लीत फिरतो त्याला धरला, म्हटलं उद्यापासनं तुझी ऑर्डर बंद, परत लक्ष्मीपुरीच्या होलसेल बाजारात जातो. तो बिचारा घाबरून म्हणाला, "काका, तुम्ही चला की गोडाऊनला, साहेबांशी समोरासमोर बोला, मी पास काढतो." गेलो. भांडायला गेलो होतो खरं तर, पण अडीच तास नुसतं बघतच बसलो.

बाहेर रस्त्याकडंला ट्रकांची रांग, एक ड्रायव्हर टायरच्या सावलीला स्टोव्ह पेटवून भात लावून बसलेला. प्रत्येक गाडीला आधी वेळ दिलेली असते, त्याला स्लॉट म्हणतात, तुमचा स्लॉट 11 चा आणि तुम्ही 1 ला आलात की बसा मग भात शिजवत. गेटवर ऑर्डरचा नंबर, बिल, परराज्यातनं 50,000 च्या वरचा माल असेल तर ई-वे बिल म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद, हे सगळं बघून मगच आत. आत एका बाजूला ओळीनं शटर, मी 14 मोजली. गाडी उलटी येऊन शटरला चिकटते, फलाट गाडीच्या फाळक्याच्या उंचीचाच असतो आणि मधल्या फटीवर एक लोखंडी पत्रा वर-खाली होतो, त्यावरनं ट्रॉली थेट ट्रकच्या पोटात. लक्ष्मीपुरीत हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरनं उतरतोय ते चित्र डोळ्यापुढं ठेवून बघा म्हणजे फरक कळेल. चाळीस बॉक्स एका माणसानं एका दमात ओढून नेले.

एक गोष्ट मात्र मी माल उतरतानाच हेरली. आत येणारा माल ते बॉक्सवर मोजतात. बॉक्स फोडत कुणी नाही. बॉक्सवरचा बारकोड हातातल्या मशीननं मारायचा, टीक आवाज आला की एक, असे किती झाले ते मशीन जोडतं आणि त्याची जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती तयार होते. त्या पावतीवर जे आलं ते त्या गोडाऊनसाठी ब्रह्मवाक्य.

मग लाकडी पॅलेट, सगळे एका मापाचे, 1200 बाय 1000 मिलिमीटर, त्यावर बॉक्स रचून प्लास्टिकची फिल्म गुंडाळायची, स्टिकर मारायचा आणि रॅकला. रॅक म्हणजे पाच मजली, वर बघितलं की टोपी पडेल. आता मला वाटलेलं साबण साबणाच्या लाइनीत, तेल तेलाच्या लाइनीत, आपल्या दुकानासारखं. तसं काही नाही! वरच्या मजल्यांवर जिथं जागा रिकामी तिथं माल. मशीन सांगतं अमुक गल्ली, अमुक खण, अमुक मजला, पोरगा तिथं ठेवतो आणि त्या जागेचा कोड स्कॅन करतो. एकच साबण तीन गल्ल्यांत तीन ठिकाणी असतो आणि तो कुठं आहे हे एकाही माणसाला तोंडपाठ माहीत नसतं, कॉम्प्युटर बंद पडला की संपलं. तरी काही पथ्यं पाळतात. साबण, अगरबत्ती, फिनेल एका टोकाला आणि चहा, आटा पार दुसऱ्या टोकाला, कारण चहापत्ती वास ओढून घेते. (आमच्या दुकानात चहा आणि धूप एकाच फळीवर आहेत, आल्यावर पहिल्यांदा ते हलवलं.) भिंतीला माल चिकटवत नाहीत, हातभर मोकळी जागा सोडतात, साफसफाईला आणि उंदराचे पिंजरे बघायला. पिंजऱ्यांना पण नंबर आहेत ओ.

सगळ्यात खालचा मजला वेचायचा. तिथनं पोरं ऑर्डर भरतात, खालचं संपत आलं की मशीन आपोआप वरचा पॅलेट उतरवायला सांगतं आणि ती उंच मानेची गाडी येऊन काढून देते, रीच ट्रक म्हणतात तिला. जास्त खपणारा माल दाराजवळ आणि कमरेपासनं खांद्यापर्यंतच्या उंचीला, म्हणजे वाकायला नको, चढायला नको. कमी खपणारा माल कोपऱ्यात. ह्यात अक्कल आहे, कारण पोरगा दिवसभर चालतोय आणि त्याचं चालणं हाच तिथला मोठा खर्च.

राधानगरीकडचा एक पोरगा होता, विशीतला, त्याच्याबरोबर मी एक फेरी चाललो. मनगटाला मशीन, बोटाला स्कॅनर. मशीन म्हणतं अमुक खणाला जा, हा जातो, खणाचा कोड मारतो, चुकीच्या खणासमोर उभा असेल तर मशीन ओरडतं. मग बॉक्स स्कॅन, मग नग. जड माल आधी लागेल असाच रस्ता आखलेला, मीठ-साखर-तेल तळाला, चिप्स-शेवया शेवटी वर. मी विचारलं, कंटाळा येत नाही का रे. म्हणाला, "मामा, कंटाळा यायला टाइम कुठाय, मशीन मिनिटं मोजतंय." हसत म्हणाला पण मला काय हसू आलं नाही. शिफ्टमध्ये ऑर्डरच्या किती ओळी मारल्या त्याचा आकडा बोर्डावर लागतो, नावानिशी. पाणी प्यायला गेला तरी आकडा खाली येणार.

सुट्टा माल वेगळ्या बाजूला, तिथं बऱ्याच बायका होत्या. ज्याला बॉक्स नको, 3 टूथपेस्ट आणि 6 शाम्पूच्या लडी हव्यात त्याच्यासाठी क्रेट भरतात. खणावर दिवा पेटतो, आकडा दिसतो, तेवढे काढून क्रेटमध्ये टाकायचे आणि बटण दाबून दिवा विझवायचा. हे काम बघत उभं राहावं इतकं सफाईनं चालतं, आणि चुकासुद्धा इथं कमी होतात कारण इथं माणसाच्या हातात खरा नग असतो, बॉक्स नसतो.

तारखेचं पण सांगतो, कारण आधी मला त्याचाच राग होता, नेहमी जुना माल माझ्याच माथी मारतात म्हणून. आपण म्हणतो आधी आलेला आधी काढायचा. ते आधी संपणारा आधी काढतात, मग तो कालच का आलेला असेना. बिस्किटाचा लॉट आज आला आणि त्याची संपायची तारीख जुन्या लॉटच्याही आधीची निघाली तर तोच आधी जाणार. आणि एका मर्यादेच्या खाली दिवस उरले की मशीन तो माल बाहेरच सोडत नाही. साहेब म्हणाले 2024 च्या नोव्हेंबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना निदान 30 टक्के आयुष्य किंवा 45 दिवस तरी शिल्लक पाहिजेत, तेव्हापासनं यांनी पण कुलूप घट्ट केलंय. म्हणजे माझा राग निम्मा खोटा होता. निम्मा आहे अजून, कारण आमच्यासारख्या बारक्या दुकानाला बॉक्स संपवायला महिना लागतो.

संध्याकाळी जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांमध्ये टेम्पोवार ढीग लागतात. भरताना उलटं भरतात, ज्याचं दुकान शेवटी त्याचा माल सगळ्यात आधी आत. बावडा लाइनीत आमची गल्ली शेवटची, म्हणून आमचा माल पार केबिनच्या बाजूला आणि म्हणूनच आमच्यापर्यंत येईस्तोवर तो चार जणांनी ढकललेला, फुटका मसाला आमच्याच वाट्याला का येतो ह्याचा उलगडा झाला! काही माल तर रॅकवर चढतच नाही, सकाळी एका शटरला उतरला की वाटण्या करून दुपारी पलीकडच्या शटरनं बाहेर, त्याला क्रॉस डॉक म्हणतात. इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली, गडहिंग्लज सगळीकडं इथनंच गाड्या. निपाणी जवळ असून ती गाडी वेगळ्या बिलाची, कारण कर्नाटक.

आता साबण.

मॅनेजर साहेब नगरकडचे, वयानं माझ्यापेक्षा बारके, पण माणूस चांगला, "सर बसा" म्हणून आधी चहा दिला. मी फोडलेला बॉक्सच घेऊन गेलो होतो. त्यांनी तो हातात घेतला, बाजूचा बारकोड मशीनला दाखवला, स्क्रीनवर आलं 12 नग. मग बॉक्सच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचलं. 10 नग. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही.

झालेलं असं. साबणाच्या कंपनीनं मधीच पॅकिंग बदललं, 12 चा बॉक्स 10 चा केला. नियमाप्रमाणं आतली संख्या बदलली की बॉक्सचा बारकोड नंबर नवीन यायला पाहिजे, आणि तो त्यांनी नवीन दिला होता, म्हणजे त्यांची चूक नाही. (दुकानात आपण पाकिटावरचा 13 आकडी बारकोड मारतो तो वेगळा, बॉक्सचा वेगळा. आणि 890 नं सुरू झाला म्हणजे भारतात बनला असं नव्हे, नंबर भारतातनं घेतलाय एवढंच, हे पण तिथंच कळलं.) तर पहिला ट्रक आला, शटरला लागला, पोरानं स्कॅन मारला, मशीन म्हणालं असा आयटम नाही. आता नवीन आयटम बनवायचा अधिकार पुण्याच्या ऑफिसला, तिथं मेल टाका, उत्तर उद्या. मागं दुसरी गाडी स्लॉट घेऊन उभी. सुपरवायझरनं काय केलं, तो नवीन नंबर जुन्याच आयटमला जोडून टाकला. साबण तोच, कंपनी तीच, पाकीट तेच. मशीन टीक म्हणालं, गाडी मोकळी झाली, सगळे खूश.

तिथनं पुढं सगळं चुकीचं आणि सगळं बरोबर. 100 बॉक्स आले, मशीननं 1200 पाकिटं धरली. रात्री स्टॉक मोजणारे आले, 100 बॉक्स दिसले, बरोबर. राधानगरीच्या पोरानं माझे 5 बॉक्स वेचले, बरोबर. गाडीत 5 चढले, माझ्या दारात 5 उतरले, मी सही केली. एवढ्या मोठ्या गोडाऊनमध्ये एकाही माणसाचं तो बॉक्स उघडायचं काम नव्हतं. तो पहिल्यांदा उघडणारा माणूस बावड्यात, माझ्या दुकानात, रोजंदारीवरचा. आणि संशय त्याच्यावर.

वर आणखी एक गंमत. साहेबांनी पुण्याला फोन लावला तर तिकडं अकाउंटवाल्यांकडं साबण कंपनीचं बिल तीन आठवडे अडकून पडलेलं, कंपनी म्हणतेय 1000 नग दिले, यांची पावती म्हणतेय 1200 मिळाले. अकाउंटवाल्यांना वाटलं कंपनीनं बिल चुकीचं केलं. तिथं जर कुणी "एकदा बॉक्स फोडून बघा रे" म्हटलं असतं तर पहिल्याच आठवड्यात निकाल लागला असता. पण ती फाइल एका टेबलावर आणि माझी तक्रार दुसऱ्या टेबलावर.

आता लक्ष्मीपुरीत हे झालं नसतं का? चुका तिथं पण होतात की, दाबून होतात. वजनात मार, बिल कच्चं, आमच्या वडिलांच्या काळात तर जकात नाक्यावरची कटकट वेगळीच, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो 1 ऑगस्ट 2015 ला आमच्यासारख्यांच्या मागचा गेला, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर कंपन्यांना टॅक्स वाचवायला राज्याराज्यात छोटे डेपो ठेवायची गरज उरली नाही, म्हणून ही मोठी मोठी गोडाऊन उभी राहायला लागली. पण हा बारका बदल तिथं पहिल्या दिवशी कळला असता. दिवाणजी पेटी देतानाच ओरडला असता, "मालक, साबण 10 चा झालाय बघा, परत येऊन भांडू नका." कारण त्याच्याकडं पहिला जो गिऱ्हाईक बॉक्स फोडतो तो दुसऱ्या दिवशी शिव्या घालत त्याच्याच गादीपुढं येऊन उभा राहतो. इथं मी शिवी घातली ती ॲपला, ॲपनं मला नमस्काराची इमोजी पाठवली.

बाकी दोन-तीन गोष्टी. जोतिबाच्या यात्रेला खोबरं आणि गुलाल आमच्याकडं कसा जातो ते कोल्हापूरवाल्यांना सांगायला नको. यात्रा चैत्र पौर्णिमेला असते, ती 2024 ला 23 एप्रिलला होती, 2025 ला आली 12 एप्रिलला. यांचं मशीन गेल्या वर्षीच्या त्याच तारखेची विक्री बघून माल भरतं असं दिसतं, कारण यात्रेच्या आधीच्या आठवड्यात ॲपवर खोबरं संपलेलं आणि यात्रा उरकल्यावर खोबऱ्यावर स्कीम! साहेब म्हणाले आता सणांच्या तारखा हातानं घालतोय. घाला म्हटलं, आणि पंचांग पण एक घ्या, 50 रुपयाला येतं, माझ्याच दुकानात आहे.

गूळ यांच्याकडनं घेऊ नका. एक किलोची भेली प्लास्टिकमध्ये बंद, पावसाळ्यात रॅकवर पडून पडून पाणी सुटलेलं. गूळ मार्केट यार्डातनंच, सौद्यातला, रवा म्हणजे गुळाची ढेप फोडून, जिभेवर ठेवून घ्यायचा. दूध, ब्रेड, अंडी यांच्यात येतच नाहीत, ती पहाटे त्यांच्या त्यांच्या गाडीनं थेट येतात, त्यामुळं प्रश्न नाही.

आणि पूर. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, बावडा-शिये रस्ता पण बंद. गोडाऊन नदीच्या त्या अंगाला आणि आम्ही ह्या अंगाला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटाच्या इशाऱ्याला टेकलं की मी आता ॲप बघत बसत नाही, मीठ, मेणबत्ती, काडेपेटी, दूध पावडर, तेल लगेच लक्ष्मीपुरीतनं भरून ठेवतो. 43 ला धोका पातळी, तिथपर्यंत थांबायचं नाही. साहेबांना विचारलं पुरात काय करता, म्हणाले सिस्टिमला डिलिव्हरी पुढं ढकलता येते. येते की. गिऱ्हाईक ढकलता येत नाही.

एवढं असून साडेतीन का, तर दर खरंच बरा आहे, बिल पक्कं, सांगितलेल्या दिवशी टेम्पो येतो, दुकान सोडून बाजारात जायला लागत नाही, आमच्या मंडळींना दुपारी दुकान सांभाळत ऑर्डर टाकता येते. उधारी मात्र लक्ष्मीपुरीसारखी नाही, सात दिवस म्हणजे सातच दिवस, आठव्या दिवशी ॲप लॉक. कमी आलेल्या साबणाचे पैसे वळते करणारी क्रेडिट नोट दोन आठवड्यांची आली, तिसऱ्या आठवड्याची "प्रोसेसमध्ये" आहे असं गेले वीस दिवस दिसतंय. 30 पाकिटांचे हजार-अकराशे रुपये. आयटम मात्र सुधारला, आता बिलावर 10 चा बॉक्स वेगळा दिसतो.

पोराला मी सॉरी म्हटलं, अवघडल्यासारखं. तो "असूंदे की मालक" म्हणाला आणि विषय संपवला, पण तेव्हापासनं टेम्पो आला की तो ड्रायव्हरला थांबवतो, प्रत्येक मालाचा एक बॉक्स फोडून मोजतो आणि मगच मला हाक मारतो, "करा सही." ड्रायव्हर कुरकुरतो, त्याच्या मशीनवर आमच्या दुकानाला 6 मिनिटं लावून दिलेली आहेत. आम्हाला 20 लागतात.